अनुकृत शस्त्रे आणि खड्गविद्येच्या ग्रंथांचे अर्थनिर्णयन

१

कोणत्याही विद्येचा ग्रंथ वाचताना त्यातील पारिभाषिक शब्दांचा अर्थ दोन ठिकाणी शोधावा लागतो: एक भाषेत आणि दुसरा त्या विद्येच्या प्रत्यक्ष व्यवहारात. व्यवहार जिवंत असेतोवर ही दोन ठिकाणे भिन्न आहेत, याची वाचकाला जाणीवही होत नाही. कोष्ट्याच्या घरात ‘ताणा’ आणि ‘बाणा’ यांचे अर्थ कोशात पाहण्याची वेळ कोणावर येत नाही. माग समोरच उभा असतो. परंतु माग मोडला, कोष्टी गेला आणि विणकामावरची पोथी तेवढी शिल्लक राहिली, तर त्याच शब्दांचा अर्थ लावणे हे एक स्वतंत्र शास्त्र होऊन बसते. मग कोणी तरी पोथीतील वर्णनावरून नवा माग बांधतो, त्यावर कापड विणून पाहतो, आणि कापड विणले गेले म्हणजे पोथीचा अर्थ लागला असे म्हणू लागतो. हे म्हणणे कितपत ग्राह्य धरावे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. मात्र येथे उदाहरण मागाचे न घेता खड्गाचे घेतले आहे.

चौदाव्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंत जर्मन आणि इटालियन प्रदेशांत खड्गविद्येवर अनेक ग्रंथ लिहिले गेले. ज्या गुरुपरंपरेतून ते निर्माण झाले ती सतराव्या शतकात क्षीण होत जाऊन पुढे खंडित झाली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून युरोप आणि अमेरिकेतील अनेक मंडळांनी या ग्रंथांचे वाचन पुन्हा हाती घेतले. आणि हे वाचन केवळ बैठकीत न करता, हाती खड्गाची प्रतिकृती घेऊन, अंगावर संरक्षक वेष चढवून, समोरासमोर उभे राहून करण्याची पद्धती रूढ केली. ‘हा डाव करून पाहिला, तो साधतो, म्हणून ग्रंथाचा अर्थ हाच’ असा या वाचनाचा मुख्य युक्तिवाद असतो. त्यात हातातील शस्त्राला साक्षीदाराचे स्थान दिलेले आहे. परंतु हे शस्त्र मूळचे नाही. ते अनुकृत आहे, आणि अनुकरण करताना त्यात जाणूनबुजून काही फेरफार केलेले आहेत. तेव्हा अशा शस्त्राची साक्ष नोंदवण्यापूर्वी ते साक्षीदार आहे की भाष्यकार आहे, हे ठरवणे अगत्याचे होते.

२

या ग्रंथांची घडण मराठी अभ्यासकाला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. सूत्र आधी आणि भाष्य नंतर, हाच क्रम तेथेही दिसतो. चौदाव्या शतकातील योहानेस लीख्टेनाउअर याची शिकवण पद्यबद्ध, त्रोटक आणि मुद्दाम गूढ ठेवलेली आहे. ही विद्या कोणाच्याही हाती पडून हलकी होऊ नये यासाठी गुरूने शब्द झाकून ठेवले, असे त्याच्या परंपरेतील भाष्यकारांनीच प्रस्तावनेत सांगितले आहे. न्यूरेंबर्ग येथील जर्मन राष्ट्रीय संग्रहालयातील ३२२७अ क्रमांकाचे हस्तलिखित हे या परंपरेचे सर्वांत जुने साधन समजले जाते; त्याचा काळ पूर्वी इ. स. १३८९ च्या सुमाराचा मानीत, अलीकडे तो काहीसा पुढे आणण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. पंधराव्या शतकात झिगमुंड रिंगेक आणि इतरांच्या नावे या पद्यांवरील गद्य भाष्ये प्रचारात आली. इटलीत फिओरे देई लिबेरी याने १४१० च्या सुमारास चित्रे आणि त्यांखालील छोटी वचने यांच्या द्वारे आपली विद्या ग्रथित केली.

या सर्वांहून जुना ग्रंथ म्हणजे सध्या लीड्स येथील रॉयल आर्मरीज या संग्रहालयात असलेला, ‘आय-३३’ या खुणेने ओळखला जाणारा ग्रंथ. तो इ. स. १३०० च्या सुमाराचा आहे. एक पुरोहित आणि त्याचा शिष्य यांच्या चित्रांतून त्यात एका हाती खड्ग व दुसऱ्या हाती लहान गोल ढाल घेऊन लढण्याची रीत दाखविली आहे. भाषेच्या अभ्यासकास त्याचे एक वैशिष्ट्य तत्काळ जाणवते. ग्रंथ लॅटिन आहे, परंतु पवित्र्यांची आणि डावांची अनेक नावे जर्मन आहेत: ‘हाल्पशिल्ट’, ‘लांगओर्ट’, ‘क्रुके’. लॅटिनसारख्या शास्त्रभाषेत लिहितानाही ही नावे तशीच ठेवावी लागली, यावरून ती तालमीत रुळलेली होती आणि तालमीबाहेर त्यांना पर्याय नव्हता, असे अनुमान करता येते. तालीम गेल्यावर अशा शब्दांचे काय उरते? ‘हाल्पशिल्ट’ म्हणजे ‘अर्धी ढाल’, इतके व्युत्पत्ती सांगते. ढाल अर्धी कशी होते, कोणाची होते आणि कशासाठी होते, याविषयी ती मौन पाळते.

व्युत्पत्तीची ही मर्यादा त्या परंपरेतील लोकांनाही ठाऊक होती. लीख्टेनाउअरच्या पद्यांत ‘फोर’, ‘नाख’ आणि ‘इंडेस’ असे तीन कालवाचक शब्द येतात. पहिल्या दोहोंचा अर्थ ‘आधी’ आणि ‘नंतर’ असा सरळ आहे. तिसऱ्याचा शब्दार्थ ‘तेवढ्यात’ किंवा ‘तेच चालू असता’ असा होतो. इ. स. १५७० मध्ये स्ट्रासबुर्ग येथे ग्रंथ छापणाऱ्या योआखिम मेयरच्या काळापर्यंत या शब्दाविषयी मतभेद उत्पन्न झाले होते. काही जण तो ‘आत’ या अर्थाच्या लॅटिन ‘इंटुस’वरून आला असे मानीत, आणि त्यावरून आतून करावयाच्या डावांशी त्याचा संबंध जोडीत. मेयरने ही व्युत्पत्ती बाजूस सारून शब्द शुद्ध जर्मन ठरविला आणि तो योद्ध्याला सावध राहून त्वरेने विचार करण्याची सूचना देतो, असे प्रतिपादिले. म्हणजे परंपरा पूर्णपणे खंडित होण्यापूर्वीच शब्द आणि कृती यांच्यात अंतर पडू लागले होते. मार्टिन व्हिएरशिन या जर्मन भाषाभ्यासकाने १९६५ मध्ये रिंगेकच्या भाष्याची शब्दसूचीसह आवृत्ती सिद्ध केली. पुढील सर्व वाचन अशा कामाच्या पायावर उभे आहे. परंतु कोणतीही शब्दसूची हे अंतर एका मर्यादेपलीकडे भरून काढू शकत नाही, हेही तितकेच खरे. ते भरून काढण्याचे काम प्रत्यक्ष प्रयोगाने अंगावर घेतले. म्हणूनच प्रयोगाच्या साधनांची परीक्षा आवश्यक ठरते.

३

या परीक्षेसाठी भाषाशास्त्रातील एक परिचित कल्पना उपयोगी पडते. भाषेतील ध्वनींना मूल्य येते ते त्यांच्या परस्परविरोधामुळे. मराठीत ‘न’ आणि ‘ण’ यांचा विरोध अर्थभेदक आहे. ‘मन’ आणि ‘मण’ हे शब्द त्यामुळेच वेगळे राहतात. परंतु वऱ्हाडीसारख्या ज्या बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, तीत हा विरोध लोप पावतो. त्या बोलीच्या भाषकाला संदर्भामुळे बहुतेक ठिकाणी काहीच अडचण पडत नाही. मात्र एखादी रचना नेमकी त्या विरोधावरच उभी असेल, तर ती त्याच्या कानाला सपाट लागते. आणि येथे काही हरवले आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. लोप झालेला विरोध आपल्यामागे खूण ठेवीत नाही.

खड्गविद्येचे ग्रंथही अशाच विरोधांनी बांधलेले आहेत. लांब धार आणि आखूड धार, कठीण आणि मऊ, आधी आणि नंतर, झाकलेले आणि उघडे, या जोड्यांवर त्यांचे सारे व्याकरण आधारलेले आहे. अनुकृत शस्त्र किंवा चिलखत यांपैकी एखादा विरोध पुसून टाकीत असेल, तर त्या साधनाने वाचणारा वाचक ग्रंथाचा तेवढा भाग वाचूच शकणार नाही. तो वाचला गेला नाही, हेही त्याच्या लक्षात येणार नाही.

साधनाविषयीची कल्पना ग्रंथाच्या वाचनावर कशी स्वार होते, याचे उदाहरण एकोणिसाव्या शतकातच सापडते. १८३९ मध्ये स्कॉटलंडातील एग्लिंटन येथे मध्ययुगीन भालायुद्धाचा मोठा समारंभ योजला गेला. चिलखतांवर अमाप खर्च झाला आणि मुसळधार पावसाने तो समारंभ धुऊन नेला. तेथे चिलखत हा वेष होता; कोणताही ग्रंथ वाचण्याचे ते साधन नव्हते. ग्रंथांकडे लक्ष वळले ते पुढे. एगर्टन कॅसल याने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या युरोपीय असिविद्येच्या इतिहासात या ग्रंथांचा परामर्श घेतला आहे. परंतु मध्ययुगीन लढाई ही मुख्यत्वे बळाची गोष्ट होती आणि खरी कला चिलखत मागे पडल्यावर उदयास आली, असा विकासक्रम त्याने गृहीत धरला. त्या काळी मध्ययुगीन खड्ग हे अवजड आणि बेढब हत्यार होते, असा समज सर्वत्र पसरलेला होता. विसाव्या शतकात ईवर्ट ओकशॉट (१९१६–२००२) यांनी उपलब्ध खड्गांचे पात्याच्या आकारावरून वर्गीकरण केले. संग्रहालयांतील मूळ नमुने तोलून पाहिल्यावर दोन्ही हातांनी धरावयाचे लांब खड्गही सामान्यतः सव्वा ते पावणेदोन किलोंच्या आसपास भरते, हे स्पष्ट झाले. शस्त्राविषयीची कल्पना पालटली आणि त्याबरोबर ग्रंथही पालटले. जी पद्ये पूर्वी अर्थशून्य भासत होती, ती एका सूक्ष्म विद्येची सूत्रे म्हणून वाचली जाऊ लागली. ग्रंथाचे एक अक्षरही बदललेले नव्हते.

४

आजच्या साधनांपैकी प्रथम वेताचा विचार करू. अमेरिकेतील ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’ ही संस्था १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे सुरू झाली. तिच्या द्वंद्वांत पोलादी पात्याऐवजी वेताची जाड छडी वापरतात आणि अंगावर खरे संरक्षक चिलखत असते. प्रहार पुरेसा जोरकस होता की नाही, याचा निर्णय ज्याला तो लागला त्यानेच प्रामाणिकपणे द्यावयाचा असतो. मनगटापासून पुढचा हात आणि गुडघ्याखालचा पाय हे भाग वर्ज्य आहेत. ही व्यवस्था अर्धशतकाहून अधिक काळ टिकली आहे आणि हजारो लोकांना तिने चिलखतात लढण्याचा अनुभव दिला आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु वेत गोल असतो. त्यावर पट्टी चिकटवून धारेची जागा दर्शविता येते. धार मात्र उत्पन्न करता येत नाही. लीख्टेनाउअरच्या परंपरेत ‘लांब धार’ म्हणजे बोटांच्या पेरांकडील धार आणि ‘आखूड धार’ म्हणजे अंगठ्याकडील, योद्ध्याकडे वळलेली धार. कोणता वार कोणत्या धारेने करावा, हे भाष्यकार पदोपदी सांगतात. गोल छडीच्या हातात हा विरोध लोप पावतो. या साधनाने लीख्टेनाउअर वाचणे म्हणजे ‘न’ आणि ‘ण’ यांत भेद न करणाऱ्या कानाने श्लेष ऐकण्यासारखे आहे. या संस्थेने हे ग्रंथ वाचण्याची प्रतिज्ञा केलेली नाही, म्हणून हा तिच्यावरील दोषारोप नव्हे. तिच्या अनुभवावरून ग्रंथाविषयी अनुमाने काढणाऱ्यांपुरताच हा इशारा आहे.

दुसरे साधन म्हणजे बोथट पोलादी खड्ग. ग्रंथवाचक मंडळांत आज बहुशः हेच वापरले जाते. त्याचा एक विशिष्ट प्रकार ‘फेडर’ या नावाने ओळखला जातो. जर्मन भाषेत या शब्दाचे पीस, लेखणी आणि स्प्रिंग असे तिन्ही अर्थ होतात. त्याचे पाते अरुंद, मुठीपुढे थोडे रुंदावलेले आणि टोकाशी लवचीक असते. धारेच्या जागी जाड, गोलसर कडा असते. वजन, तोल आणि धारांची दिशा या तीनही बाबतींत ते वेताहून मूळ खड्गाच्या कितीतरी जवळ आहे. त्याच्या जोडीला तारेच्या जाळीचा मुखवटा, साडेतीनशे किंवा आठशे न्यूटन बलाचा भेद सहन करील अशा कापडाचा अंगरखा आणि बोटांवर कडक कवच असलेले जाड हातमोजे वापरतात.

येथे लोप पावणारे विरोध अधिक सूक्ष्म आहेत. दोन पाती एकमेकांना भिडून राहतात त्या स्थितीला जर्मन ग्रंथ ‘बांधणे’ म्हणतात. त्या स्थितीत प्रतिस्पर्धी ‘कठीण’ आहे की ‘मऊ’ आहे, हे पात्यातून ओळखण्यास ‘फ्युलेन’, म्हणजे स्पर्शाने जाणणे, असा शब्द आहे. तीक्ष्ण धारेवर तीक्ष्ण धार आदळली की दोन्ही किंचित एकमेकींत रुततात आणि क्षणभर धरून राहतात. बोथट कडा एकमेकींवरून निसटतात. निसटणाऱ्या पात्यांनी सराव केलेल्या वाचकाला ‘बांधणे’ हे क्रियापद अलंकारिक वाटू लागते. तीक्ष्ण पात्यांच्या सरावात तेच क्रियापद जवळजवळ शब्दशः खरे ठरते.

हातमोज्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. ‘त्स्वेर्खहाउ’ या आडव्या वाराच्या नावातील पूर्वपद म्हणजे ‘आडवे’ या अर्थाचे जुने जर्मन विशेषण. भाषाशास्त्रज्ञाला त्यात अडचण नाही. भाष्यकार मात्र एक बारीक सूचना देतात: आखूड धारेने मारावे आणि अंगठा खाली यावा. शब्द तीनचारच आहेत. अंगठा मुठीवरून सरकवून पात्याच्या सपाट अंगाखाली टेकविल्यावाचून हा वार डोक्याच्या उंचीवर आडवा आणि स्थिर राहत नाही, हे करून पाहणाऱ्याला ताबडतोब उमगते. परंतु अनेक जाड हातमोज्यांत अंगठा असा मोकळा सरकत नाही. तेव्हा वाचक वार करण्याची दुसरी रीत शोधतो, तीही चालते, आणि काही वर्षांनी अंगठ्याविषयीचे वाक्य त्याला गौण भासू लागते. वाक्य गौण नव्हते. हातमोज्याने ते गौण केले.

आय-३३ ग्रंथाच्या वाचनात हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडतो. त्यातील चित्रांत वार करताना लहान ढाल खड्गाच्या मुठीलगत, पुढे गेलेल्या हाताबरोबर जाते. ही ढाल अंग झाकण्यास अपुरी आहे. उघडा, पुढे गेलेला हात झाकणे हे तिचे प्रधान कार्य आहे. चित्रांतील पुरोहित आणि शिष्य यांचे हात उघडेच आहेत. बोटांवर कवच चढवलेल्या वाचकाला हाताची ही काळजी अनाठायी वाटते. त्याची ढाल हळूहळू खड्गापासून दूर जाते आणि स्वतंत्रपणे वार झेलू लागते. त्याच्या दृष्टीने हे सोयीचे आहे; मात्र ज्या संकटावर ग्रंथ उपाय सांगतो ते संकटच साधनाने नाहीसे केले आहे. प्रश्न पुसला गेल्यावर उत्तर निरर्थक दिसणे अपरिहार्य आहे. स्पर्धांमध्ये दोघांनीही एकाच वेळी एकमेकांवर वार करण्याचे जे प्रमाण दिसते आणि ज्याला आवर घालण्यासाठी नियम करावे लागले, त्याचेही एक मूळ येथेच आहे. मुखवट्याखालील मनुष्याला ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांतील भेद जिवाचा वाटत नाही.

तिसरे साधन म्हणजे पूर्ण पोलादी चिलखत. ‘बुहुर्ट’ या मध्ययुगीन नावाने चालणाऱ्या सामूहिक चिलखती लढतींना गेल्या काही वर्षांत क्रीडेचे रूप आले आहे. २०१० मध्ये युक्रेनमधील खोतिन येथील किल्ल्यात ‘राष्ट्रांची लढाई’ ही त्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा प्रथम भरली. येथे चिलखत एखाद्या विशिष्ट काळाच्या आणि प्रदेशाच्या नमुन्याबरहुकूम असावे, असा आग्रह असतो. बाह्य रूपाने पाहता मूळ वस्तूशी सर्वांत अधिक साम्य याच प्रकारात आहे. परंतु नियमानुसार खुपसण्याचा वार वर्ज्य आहे. शस्त्रे बोथट आहेत. आणि पायांखेरीज शरीराचा तिसरा बिंदू जमिनीला टेकला की योद्धा बाद होतो. जर्मन ग्रंथांत युद्धाचे ‘ब्लोसफेख्टन’ आणि ‘हार्निशफेख्टन’ असे दोन विभाग आहेत: उघड्या अंगाचे आणि चिलखताचे. ‘ब्लोस’ म्हणजे उघडे. त्याच धातूपासून झालेल्या ‘ब्ल्योसे’ या नामाने प्रतिस्पर्ध्याच्या अंगावरील उघडी जागा दर्शविली जाते. चिलखतावर खड्गाची धार चालत नाही, हे ग्रंथकारांनी गृहीत धरले आहे. म्हणून तेथे डावा हात पात्याच्या मध्यावर धरून खड्ग आखूड भाल्यासारखे वापरावे आणि काख, तळहात, चेहरा, गुडघ्यामागील लवण अशा सांध्यांत टोक घालावे, असे शिकविले आहे; किंवा दोन्ही हातांनी पाते धरून मुठीकडून घणासारखा प्रहार करावा, असे दाखविले आहे. म्हणजे चिलखती युद्धाचे सारे व्याकरण पत्रा आणि फट यांच्या विरोधावर आधारलेले आहे. फटीत टोक घालणे वर्ज्य केल्याबरोबर हा विरोध नाहीसा होतो आणि उरतो तो केवळ पत्रा. तीन साधनांपैकी जे रूपाने मूळच्या सर्वांत निकट, तेच ग्रंथाच्या अर्थापासून सर्वांत दूर गेलेले आहे, ही गोष्ट प्रतिकृतीच्या हुबेहूबपणालाच प्रामाण्य मानणाऱ्यांनी विचारात घ्यावी.

५

यावर असा आक्षेप संभवतो की, मग प्रयोगाला किंमतच काय राहिली? त्याचे उत्तर एका प्रयोगानेच देता येईल. २०११ मध्ये लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी पंधराव्या शतकातील चिलखतांच्या प्रतिकृती घालणाऱ्या अनुभवी प्रात्यक्षिककारांना फिरत्या पट्ट्यावर चालवून आणि धाववून त्यांच्या श्वसनाचे मापन केले. चिलखतांचे वजन ३० ते ५० किलो होते. चालताना शक्तिव्यय २.१ ते २.३ पट आणि धावताना सुमारे १.९ पट वाढतो, असे आढळले. पायांवर वाटलेला भार हे त्याचे एक मुख्य कारण होते. या प्रयोगात प्रतिकृतीची साक्ष निःशंकपणे ग्राह्य आहे. कारण प्रश्न वजनाचा आणि त्याच्या विभागणीचा होता, आणि त्या बाबतीत प्रतिकृतीने मूळ वस्तूत फेरफार केलेला नव्हता. तात्पर्य, साधनाची साक्ष त्याने ज्या गुणात फेरफार केला नसेल त्या गुणापुरतीच प्रमाण असते.

दुसरा आक्षेप असा की, तीक्ष्ण खड्गच का वापरू नये? काही अभ्यासक तसे वापरतातही. परंतु तेव्हा जीवितरक्षणासाठी गती मंद करावी लागते आणि हेतू आधी ठरवून घ्यावा लागतो. धारेचा विरोध परत मिळतो, पण काळाचा विरोध हातचा जातो. ‘फोर’, ‘नाख’ आणि ‘इंडेस’ या शब्दांना संथ सरावात खरा अर्थ उरत नाही. सर्व विरोध एकाच वेळी राखणारे साधन एकच, आणि ते म्हणजे मूळचे द्वंद्व. ते पुन्हा घडवून आणावे, असे कोणीही विचारी मनुष्य म्हणणार नाही.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्या काळचे लोक तरी रोज तीक्ष्ण खड्गाने कोठे खेळत होते? त्यांचीही तालमीची शस्त्रे होतीच. हे अगदी खरे आहे. मेयरच्या १५७० च्या ग्रंथातील चित्रांत लांब खड्ग म्हणून जे दिसते, ते तालमीचे बोथट खड्गच आहे. आणि लांब खड्गाने खुपसण्याची जुनी रीत आता जर्मनांत राहिली नाही, असे तोच नमूद करतो. म्हणून मेयरच्या वाचकाने फेडर हाती घेतले तर ते त्या ग्रंथाला अनुरूपच आहे. परंतु त्याच फेडराने दीडदोन शतके आधीचा लीख्टेनाउअर वाचावयाचा झाल्यास स्थिती बदलते. कारण त्याच्या भाष्यांत खुपसणे हा वाराचा एक प्रमुख प्रकार आहे. साधन अनुरूप आहे की नाही, याचा निर्णय अशा प्रकारे ग्रंथागणिक करावा लागतो. ‘मध्ययुगीन खड्गविद्या’ असे एकच नाव देऊन तीन शतकांच्या ग्रंथांसाठी एकच साधन मुक्रर करण्यात हा विवेक सुटतो.

याच संदर्भात मराठीतील एका शब्दयोजनेकडे लक्ष वेधणे अप्रस्तुत होणार नाही. आपल्याकडील मर्दानी खेळांत ढालतलवारीच्या सरावासाठी ‘फरी-गदगा’ हा प्रकार आहे. फरी म्हणजे लहान ढाल, आणि गदगा म्हणजे तलवारीच्या जागी घ्यावयाची छडी. सरावाच्या छडीला भाषेने निराळे नाव दिले आहे. तिला कोणी तलवार म्हणत नाही. त्यामुळे गदग्याने जे साधले ते तलवारीने साधेलच, असा भ्रम निदान शब्दापुरता तरी उत्पन्न होत नाही. युरोपातील आजच्या वाचकांत बोथट पोलादाला सरसकट ‘खड्ग’ म्हणण्याची सवय आहे आणि पुढील सारा गोंधळ काही अंशी या एका नामसाम्यातून उद्भवतो.

६

वरील विवेचनावरून प्रयोगाधिष्ठित वाचनासाठी काही मर्यादा निश्चित करता येतील. पहिली अशी की, कोणत्याही अर्थनिर्णयाबरोबर तो कोणत्या साधनाने केला, याचा निर्देश असावा. संपादित ग्रंथात ज्याप्रमाणे कोणते हस्तलिखित प्रमाण मानले हे सांगतात, त्याप्रमाणे पात्याचा प्रकार, धारेची जाडी आणि हातमोज्याचे स्वरूप सांगितले जावे. दुसरी अशी की, ‘हा डाव साधत नाही’ या अनुभवावरून ग्रंथ चुकला किंवा वाक्य गौण आहे, असे अनुमान काढू नये. तो विरोध साधनानेच पुसलेला नाही ना, हे प्रथम पाहावे. तिसरी अशी की, ‘हा डाव साधतो’ या अनुभवावरूनही तो ग्रंथाला अभिप्रेत होता असे सिद्ध होत नाही. मानवी शरीराला शक्य असलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. ग्रंथकाराला अभिप्रेत असलेली त्यांतील एक असते. शक्यता प्रयोगाने ठरते. अभिप्राय शब्दांवरूनच ठरवावा लागतो.

निरनिराळ्या बोलींत निरनिराळे विरोध लोप पावलेले असले, तरी त्यांच्या तुलनेने पूर्वरूपाची पुनर्रचना करता येते, हा तौलनिक पद्धतीचा अनुभव आहे. त्याच न्यायाने एकच उतारा वेताने, बोथट पोलादाने, हातमोज्यांसह आणि हातमोज्यांवाचून, तीक्ष्ण पात्याने संथपणे, असा वेगवेगळ्या साधनांनी करून पाहावा आणि कोठे काय हरवते ते ताडून पाहावे, ही सूचना स्वाभाविक आहे. मात्र हे साम्य मर्यादितच आहे. बोली पूर्वभाषेपासून अखंड परंपरेने आलेल्या असतात; ही साधने तशी आलेली नाहीत. ती आजच्या लोकांनी आजच्या गरजांसाठी घडविली आहेत. पूर्वजाशी नाते सांगणारी वस्तू येथे एकच आहे, आणि ती म्हणजे ग्रंथ.

तथापि भाषेच्या अभ्यासकांनीही यावरून फार समाधान मानू नये. अंगठ्याविषयीचे ते तीनचार शब्द ग्रंथात नेहमीच होते. ते मोडीत निघालेले नव्हते, अस्पष्ट नव्हते, त्यांचे व्याकरण सोपे होते. त्या शब्दांवर सारा वार तोललेला आहे, ही गोष्ट कोशातून कळण्यासारखी नव्हती. ती हातात पोलाद घेऊन उभ्या राहिलेल्या वाचकांमुळे कळली. त्याच वाचकांच्या हातमोज्यांखाली ते शब्द पुन्हा झाकले जाऊ लागले आहेत, आणि ते तसे झाकले जात आहेत हे दाखवून देण्याचे काम मात्र पुन्हा शब्दाच्या अभ्यासकालाच करावे लागणार आहे.